कालवीणीचे हात

कुडाळच्या त्या वाचनालयाच्या सभागृहात चार खिडक्या होत्या आणि तीन पंखे, त्यांतले दोन फिरत होते. एक पांढरा पडदा, एक प्रोजेक्टर, कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी. टोक काढलेल्या साठ पिवळ्या पेन्सिली, साठ कोरे फॉर्म, आणि अठ्ठावन्न खुर्च्या.

जानकी परबने खुर्च्या पुन्हा मोजल्या, या वेळी मागच्या रांगेपासून. अठ्ठावन्नच.

"साठ सांगितल्या होत्या," ती दारातल्या माणसाला म्हणाली.

तो टेम्पोचा फाळका लावून नुकताच आत आला होता. तिशीच्या आतला, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे एक जाड पेन्सिल. बाहेर लांबलेल्या पावसाची भुरभुर चालू होती आणि त्याच्या केसांवर बारीक बारीक थेंब अडकले होते.

"साठच आसत," तो म्हणाला. मग तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून त्याने भाषा बदलली. "म्हणजे... साठच आहेत, मॅडम."

"मी दोनदा मोजल्या."

"मी टेम्पोत चढवताना मोजल्या."

"मग दोन वाटेत उतरून गेल्या असतील."

तो वळून गेला आणि दोन खुर्च्या काखेत मारून परत आला. "एक सीटच्या मागे राहिली होती. आणि ही... हिची तब्येत बरी नाही, म्हणून आणत नव्हतो."

जानकी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसली. खुर्ची डावीकडे कलली, मग उजवीकडे. "साठावीचा पाय हलतो."

"अठ्ठावन्नवर गप्प बसला असतात तर हलला नसता."

हसू येऊ नये म्हणून जानकीने मान वहीत घातली आणि लिहिलं: खुर्च्या साठ, पैकी एक सदोष. तो वाकून वाचत होता. इतका जवळ, की त्याच्या शर्टाला येणारा ओल्या ताडपत्रीचा वास तिला आला.

"सदोष," तो हळूच म्हणाला. "हिला आजवर इतक्या अदबीने कोणी नावं ठेवली नव्हती."

टेम्पोवर लिहिलं होतं: लवू मांडव डेकोरेटर्स. अक्षरं कोणीतरी हाताने रंगवलेली, आणि फार सुंदर.

जानकी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. कुडाळजवळच्याच गावची, पण शिकायला बाहेर राहिलेली. नोकरी लागली ती पुण्यातल्या एका पाहणी करणाऱ्या संस्थेत. जंतू मोजायला शिकलेली मुलगी आता माणसांची मतं मोजत होती. या वेळचं काम मात्र तिच्या आवडीचं होतं, कारण ते कालवीणीचं होतं.

कालवीण म्हणजे खाडीच्या कातळावर कालवं फोडणारी बाई. ओहोटीला कातळावर बसून कोयतीने कालवं सोडवायची. भरती चढली की तिच्या हातांवरच्या चिरा उजळायच्या, आणि त्या हातांनी ती लाटा थोपवायची, बुडत्या होड्या वर काढायची, वाळू चोरणाऱ्यांचे ट्रक उलथे करायची. दिव्या नावाच्या कुणा मुलीने हे कॉमिक काढलं होतं. एकूण सहा अंक. छापले थोडे, पण फोनवरून सगळ्या किनाऱ्यावर पसरले. दिव्याची कालवीण चाळिशीतली, रुंद खांद्यांची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि तळहात असे, की पहिल्यांदा बघणाऱ्याने डोळे मिटावेत.

दोन वर्षांपूर्वी दिव्या गेली. कशाने, ते जानकीच्या कागदांत नव्हतं.

आता एक कंपनी कालवीणीची ॲनिमेशन मालिका काढत होती, आणि तिने कालवीण नवीन केली होती. वीस-बावीस वर्षांची, शेलाटी, निळा चकचकीत पोशाख, गुडघ्यापर्यंत बूट. आणि हात स्वच्छ. पहिलं चित्र बाहेर पडलं त्या दिवसापासून फोनवर दोन तट पडले होते. कोणी लिहिलं होतं, हिला पार्लरात नेऊन बसवली कोणी? कोणी उलट विचारलं होतं, आमच्या आवशीसारखीच बाई पडद्यावर बघायची तर पडदा हवा कशाला, चुलीकडे बघतो की. एकाने तर नुसतं विचारलं होतं, हे बूट घालून शेवाळलेल्या कातळावर चार पावलं चालून दाखवा.

चित्रकर्तीच्या घरच्यांनी करारात एक अट घालून घेतली होती. चार गावांत खरे वाचक बोलवायचे, त्यांना एकच प्रसंग दोन्ही रूपांत दाखवायचा. निम्म्याहून जास्त वाचकांनी जुनी मागितली तर जुनी राहील. नाहीतर नवी. मोजणारीने कोणाच्या बाजूला झुकू नये म्हणून घरच्यांची नावं तिला सांगितलेली नव्हती.

कुडाळला एकोणपन्नास जण आले. अंधार झाला, पडदा उजळला. लवू मागच्या भिंतीला टेकून उभा होता. जानकी आपल्या सवयीप्रमाणे बघणाऱ्यांना बघत होती, म्हणून तिला ते दिसलं. जुनी कालवीण पडद्यावर आली की तो पडद्याकडे बघायचा. नवी आली की बंद खिडकीकडे.

संध्याकाळी ती फॉर्म मोजत बसली आणि तो खुर्च्या घडी करत राहिला.

"तुमचं मत कुठलं?" त्याने विचारलं.

"मोजणाऱ्याला मत नसतं."

"आणि खुर्च्या लावणाऱ्याला?"

"वाचक असेल तर असतं. सहांतला एक तरी अंक वाचलाय?"

त्याने हातातली खुर्ची मिटली. "एखादा."

"मग घ्या एक फॉर्म."

"नको. आज नको..."

जुनी सत्तावीस, नवी बावीस. जानकीने सूचनांचा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. 'नवीचे केस भरतीतसुद्धा विस्कटत नाहीत, शाम्पू कुठला ते कळवावे.' लवू हसला. त्याच्या हसण्यात एक उशीर होता. आधी डोळे हसायचे, ओठ मागाहून यायचे. वहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

मालवणला जायला तिच्यासाठी गाडी येणार होती, ती आली नाही. ती टेम्पोत पुढे बसली. काचेवर पाणी, पुसणारा दांडा एकच, तोही लवूच्या बाजूचा. तिच्या बाजूला बाहेरचं सगळं जग नुसतं हिरवं ओघळत होतं. मालवण येईपर्यंत लवूने तिच्याकडे अकरा वेळा पाहिलं. बारावी नजर मोजायची की नाही हे तिला ठरवता येईना, कारण त्या वेळी तिनेच आधी पाहिलं होतं.

"मोजताय?" त्याने विचारलं.

"काय?"

"काहीतरी मोजताय. तुमचे ओठ हलतात."

जानकी बाहेर बघू लागली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, तरी बघत राहिली.

मालवणला फॉर्म पन्नास आले. जुनी चोवीस, नवी सव्वीस. काम आटोपल्यावर दोघं बंदराकडच्या टपरीवर चहाला थांबली. पाऊस उघडला होता. होड्या नांगरून उभ्या होत्या, आणि तो तिच्या कपाकडे बघत विचारत होता, "जंतू मोजायला शिकलात म्हणालात. समुद्राच्या पाण्यात असतात?"

हा प्रश्न जानकीला आजवर कोणी विचारला नव्हता. तिचा चेहरा उजळला. "असतात म्हणजे... एका चमचाभर पाण्यात लाखांनी. आणि तुमच्या या खाड्या तर फारच भारी. गोडं पाणी मिसळतं ना, खारटपणा कमी, पाणी कोमट. तिथे व्हिब्रिओ नावाचा एक आहे. कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे कालवांत तो साठतो. कालवाच्या शिंपेने हात कापला आणि त्यातून आत शिरला, तर इतका वेगात वाढतो, की... माझा सगळ्यात आवडता जंतू तो. काही तासांत सूज, मग निळे फोड—"

"सगळ्यांनाच होतं?"

"नाही, नाही. आयुष्यभर कालवं काढणाऱ्या बायकांना काही होत नाही. फार क्वचित. ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं असतं ना, त्याला."

"म्हणजे... कावीळ होऊन गेलेली असली तर?"

"तर फारच वाईट," जानकी उत्साहाने म्हणाली. "दोन-तीन दिवस, बस."

लवूने कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. "बरं सांगता तुम्ही," तो म्हणाला. "समजतं."

परतीच्या वाटेत त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. आपलं काय चुकलं, हे जानकीने त्या दिवशी पुन्हा पुन्हा तपासलं. हिशेब लागला नाही.

तारकर्लीच्या सभागृहात खुर्च्या साठ होत्या. भरल्या एक्केचाळीस. पडद्यावर चित्र चालू असताना तिने दोनदा मोजून खात्री केली होती. पेटी उघडली तेव्हा फॉर्म निघाले सत्तेचाळीस.

सभागृहाला लागूनच असलेल्या लॉजच्या व्हरांड्यात तिने सगळे फॉर्म टेबलावर पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर शिंपले ठेवले. सुरूच्या झाडांतून दुपारचा वारा सूं सूं करत होता. अर्ध्या तासाने ती उठून टेम्पोकडे गेली.

"सहा फॉर्म जास्त आहेत."

लवू दोरी गुंडाळत होता. "कोणी उभं राहून पाहिलं असेल."

"उभं कोणीच नव्हतं. तू सोडून."

पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणाली. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि अशा वेळी आलं याचं दोघांनाही वाईट वाटलं.

व्हरांड्यात येऊन तो समोर बसला. तिने सहा फॉर्म वेगळे काढून त्याच्यासमोर लावले. "सहाही जुनीचे. सहांवरही वय सव्वीस. आणि हे बघ—" तिने एका खुणेवरून अंगठा फिरवला, तो काळा झाला. "माझ्या पेन्सिलींचं शिसं कडक आहे. पुसत नाही. हे पुसतं. ही चित्रं काढायची पेन्सिल आहे."

लवूने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"दिव्या माझी बहीण," तो म्हणाला.

एका शिंपल्याखालचा कागद फडफडत राहिला.

"तुमचा फोन आला तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण खुर्च्या कशाला हव्यात ते सांगितलंत, आणि... वाटलं, निदान खुर्च्या तरी आपण लावू. ती काढायची, मी रंग भरायचो. कालवीण म्हणजे आमची आये. तोंडवलीला, खाडीच्या मुखाशी. अजून जाते कातळावर." तो बोलताना थांबत होता, पुन्हा बोलत होता. "सहावा अंक चालला होता. दिव्याला हात पटत नव्हते. म्हणायची, आयेच्या चिरा सगळ्या जुन्या, ताजी कशी दिसते ते मला ठाऊक नाही, मग ते खोटं होतं. म्हणून गेली आयेबरोबर. डाव्या तळहाताला कापलं. अंगठ्याखाली... एवढंसं. खूश होऊन आली. त्या संध्याकाळी डावा हात समोर धरून तिने शेवटचं पान काढलं. सकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता. आदल्याच वर्षी तिला कावीळ झाली होती."

जानकीला समोरचं सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. टपरी, कप, स्वतःचा उत्साही आवाज. माझा सगळ्यात आवडता जंतू तो.

"तू मला विचारलं होतंस," ती म्हणाली, "आणि मी ते... हसत सांगितलं."

"तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं सगळं, पण माझ्या कानात शिरत नव्हतं. तुझं शिरलं." त्याने फॉर्मांकडे बोट केलं. "सहा अंक, सहा फॉर्म. वय तिचंच घातलंय. खोटे नाहीत ते, जानकी. त्या चिरा पुसल्या तर ती कशाकरता गेली?"

हे सहा धरले तर जुनी भक्कम पुढे होती. जानकीला ते न लिहिता दिसत होतं. तोंडवलीला लोकांनी काहीही केलं तरी बहुधा निभावलं असतं. नुसतं गप्प बसायचं होतं. समोर हा माणूस बसला होता, ज्याच्या हसण्यातला उशीर तिला पाठ झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा जानकीला एखादा आकडा बदलावासा वाटला.

"मी हे मोजणार नाही," ती म्हणाली.

"तू मोजतेस म्हणजे काय करतेस ठाऊक आहे? जे उरलेलं नाही, त्याच्यावर काट मारतेस."

"जे आहे तेवढं राखते. लवू, आत्तापर्यंत एकाहत्तर माणसं तुझ्या बहिणीच्या बाजूने उभी राहिलीत. आपल्या पायांनी आली, आपल्या हाताने खूण केली. हे सहा आत घातले, की ते एकाहत्तरही खोटे होतात."

तो उठला. पायऱ्या उतरला. थोड्या वेळाने टेम्पोत खुर्च्या चढवल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक. जानकीने वहीत लिहिलं: तारकर्ली, फॉर्म एक्केचाळीस, जुनी वीस, नवी एकवीस. बाद सहा. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला बराच वेळ सुचेना. शेवटी तिने लिहिलं, भरणारी व्यक्ती सभागृहात हजर नव्हती.

टेबलावर त्याची पेन्सिल राहिली होती. ती तिने रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

तोंडवलीला तो येणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. दुसऱ्या एका मांडववाल्याचा नंबरही मिळवून ठेवला होता. पण दोन दिवसांनी, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी टेम्पो शाळेच्या अंगणात उभा होता.

"मोजून घ्या," तो म्हणाला. पुन्हा 'तुम्ही'.

"मोजल्या. साठ."

"बरं."

एवढंच. तो पडदा बांधायला गेला. त्याचा कान पेन्सिलीविना उघडा उघडा दिसत होता. जानकीचं तिकीट दुसऱ्या सकाळच्या गाडीचं होतं, कुडाळहून. ते तिने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होती. हरवलं तर बरं होईल, असं स्वतःशीही न म्हणता.

पन्नास जण आले. सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली, 'ये गो काशीबाई,' कोणीतरी म्हणालं, आणि ती दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली, जणू कोणी उठवणारच आहे. रुंद खांदे. जानकीने तिला पाहताक्षणी ओळखलं. सहा अंकांच्या प्रत्येक पानावर पाहिलं होतं. फक्त चित्रातली इतकी थकलेली नव्हती.

चित्र सुरू झालं. आधी जुनी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावरची बाई कातळावर उभी राहिली, तिचे तळहात सगळा पडदा भरून उजळले, आणि काशीबाई आपले हात पदराखाली घेऊन बसली. मग नवी आली. तोच कातळ, तीच लाट. स्वच्छ, गुलाबी तळहात. काशीबाई पुढे वाकून बघत राहिली.

फॉर्म भरायची वेळ झाली तेव्हा तिने जानकीला खुणेने बोलावलं.

"बाय, तूच खूण कर गो. माजी बोटां मिटनत नाय."

जानकी तिच्यासमोर उकिडवी बसली. ते हात तिने जवळून पाहिले. चिरांवर चिरा, पांढऱ्या पडलेल्या, दोन बोटं आखडलेली. "खंयची करू, आये?" मालवणी आपसूक तोंडात आली.

"नवी."

दोन पावलांवर लवू पडद्याची दोरी सोडत होता. त्याचे हात थांबले.

"आये, ती तू नाय. जुनी ती तू. दिव्यान तुका काढल्यान."

"माका ठावक आसा. माका बगूक घरात आरसो आसा."

"मगे?"

"हिचे हात बगलंस?" काशीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एक चीर नाय. तुका चिरयो व्हयो, बहिणीची आठवण म्हणान. माका कित्याक? मी रोज सुकतीक, पाणी उतारला की, त्याच कातळार जातंय, माजा चेडू जंय बसलला थंयच बसतंय. माका आठवण करून देवक पडदो नको." मग तिने हात पदराखाली घेतले आणि आवाज उतरवला. "पडद्यार तरी कोणाच्या चेडवाचे हात बरे रवांदेत."

लवूने तिच्या पदराकडे पाहिलं. त्याने दोरी हातातून खाली सोडली. सभागृहात पोरं बुटांवरून भांडत होती, कोणीतरी सूचनांच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून शेजारच्याला विचारत होतं. जानकीने नवीसमोर खूण केली, काशीबाईला दाखवली आणि फॉर्म घडी करून पेटीत टाकला.

मागे वळली तर लवू समोर उभा.

"एक फॉर्म दे."

"वाचक आहेस?"

"एखादा अंक वाचलाय."

जानकीने फॉर्म दिला. पिवळी पेन्सिल उचलली, मग ठेवून दिली. पिशवीतून रुमाल काढला, उलगडला आणि त्यातली त्याची पेन्सिल त्याच्यापुढे धरली. ती घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्याच्या नखांच्या कडेला पाट्या रंगवताना लागलेला निळा रंग होता. या वेळी दोघांपैकी कोणीच आधी नजर काढून घेतली नाही...

तो मागच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. एक फॉर्म भरायला माणसाला सरासरी दोन मिनिटं लागत होती. त्याला नऊ लागली.

लोक गेले. काशीबाईला एक शेजारीण घेऊन गेली; जाताना ती जानकीला म्हणाली, "सावकाश ये गो घराकडे, जेवक." सूर्य खाली उतरला होता आणि खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात रिकाम्या खुर्च्यांच्या लांब सावल्या पडल्या होत्या. लवूने खुर्च्या घडी करायला घेतल्या. शेवटची तेवढी उघडीच ठेवली.

जानकीने पेटी उघडली. एक-एक फॉर्म दोन गठ्ठ्यांत लावत गेली. एका फॉर्मवर तिचा अंगठा काळा झाला. तिथे ती थांबली. वय एकोणतीस. वाचलेले अंक सहा. खूण नवीसमोर होती. दाबून केलेली, दोनदा गिरवलेली.

खाली, सूचनांच्या रकान्यात, टेम्पोवरच्या त्याच सुंदर अक्षरांत लिहिलं होतं:

'साठाव्या खुर्चीचा पाय बसवला आहे. मोजणाऱ्या बाईंनी जाण्यापूर्वी तपासून पाहावा. तारकर्लीला मी बोललो ते मागे घेतो. हे सगळं समोर सांगायला मला जमत नाही आणि तुम्ही लिहिलेलंच खरं मानता. सकाळची गाडी सोडली तरी दुसरी गाडी असते.'

जानकीने तो फॉर्म त्याच्या गठ्ठ्यात ठेवला. आकडे दोनदा तपासले. मग लिहिलं:

तोंडवली. खुर्च्या साठ, भरलेल्या एकावन्न. फॉर्म एकावन्न. जुनी तेवीस, नवी अठ्ठावीस.

चारही गावं मिळून फॉर्म एकशे एक्याण्णव. जुनी चौऱ्याण्णव, नवी सत्त्याण्णव.

तोंडवलीत चित्राशी संबंध नसलेली सूचना एक.

वही मिटून ती उठली आणि रिकाम्या सभागृहातून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली. लवू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याने हात काढून घेतला. जानकी बसली. तिने भार डावीकडे दिला, मग उजवीकडे. पुढे, आणि मागे.

खुर्ची हलली नाही.